तरंगत्या सरगॅसममधला मासा कसा शोधायचा, कसा पाहायचा आणि जिवंत परत कसा सोडायचा

सरगॅसम या समुद्री शेवाळाचा पुंजका हातात घेऊन पाच मिनिटं उलटापालटा केला, काहीच दिसलं नाही म्हणून फेकून दिला, आणि त्याच पुंजक्यात बोटभर मासा बसलेला होता. हे नेहमीच घडतं. हा सरगॅसम बेडूकमासा पळत नाही, लपायला खाली जात नाही, फक्त धरून बसतो. त्याला शोधायला चपळाई लागत नाही, सावकाशपणा लागतो. जाळं आणि बादली लागतात त्या त्याच्या शेजाऱ्यांसाठी.

पुढची पद्धत मेक्सिकोच्या आखाताचा किनारा, फ्लोरिडा आणि कॅरिबियन बेटं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण आयुष्यभर तरंगत राहणारं सरगॅसम अटलांटिकमध्येच आहे. ह्यूस्टनच्या मराठी मंडळींना गॅल्व्हस्टनचा किनारा तासाभरावर. मुलांना घेऊन करण्यासारखं हे काम आहे. कोकणातलं सरगॅसम वेगळं, त्याबद्दल शेवटी.

आधी शेवाळ ओळखा

तरंगणाऱ्या जाती दोन: सरगॅसम नॅटन्स आणि सरगॅसम फ्लुइटन्स. दोन्हींना खडकाला चिकटायचा बुडखा नसतो. तुकडा तुटला की तोच नवं झुडूप होतो. वाटाण्याहून लहान गोल फुगे वायूने भरलेले असतात, त्यावर सगळं तरंगतं. पानं अरुंद, देठ गुळगुळीत आणि बऱ्याच फुग्यांच्या टोकाला सुईसारखा काटा असेल तर नॅटन्स. पानं रुंद, देठावर बारीक काटे आणि फुगे बिनकाट्याचे असतील तर फ्लुइटन्स. नॅटन्सचा रुंद पानांचा एक प्रकारही असतो, त्याच्या फुग्यांना बहुधा काटा नसतो. तेव्हा नुसत्या पानांवर न जाता देठावरून बोट फिरवून बघा.

माशांच्या दृष्टीने जातीपेक्षा वय महत्त्वाचं. सोनेरी पिवळं, कडक, बोटांत चुरचुरणारं शेवाळ ताजं. गडद तपकिरी, पांढऱ्या जाळीदार पापुद्र्याने माखलेलं, अर्धं पाण्याखाली गेलेलं शेवाळ म्हातारं. तो पापुद्रा म्हणजे ब्रायोझोआ या बारीक प्राण्यांची वसाहत. तिच्या ओझ्याने शेवटी शेवाळ बुडतं. शोधायला मधल्या वयाचं घ्या: रंग सोनेरी, पण जुन्या फांद्यांवर पांढरे ठिपके आलेले. किनाऱ्यावर वाळत पडलेल्या ढिगात वेळ घालवू नका. पोहू शकणारे प्राणी लाटा फुटायच्या आधीच निघून गेलेले असतात, बाकीचे मेलेले असतात. शिवाय कुजणाऱ्या ढिगातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास आला की दमा असलेल्यांनी तिथून लांब व्हावं.

कधी आणि कुठे

वसंतापासून उन्हाळा सरेपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिल ते ऑगस्ट. २०११ पासून पश्चिम आफ्रिकेपासून कॅरिबियनपर्यंत सरगॅसमचा प्रचंड पट्टा जवळजवळ दर वर्षी तयार होतो, त्यामुळे शेवाळ मिळेल का ही चिंता राहिलेली नाही. कसलं मिळेल हा खरा प्रश्न.

बोटीतून जाणार असाल तर सलग पट्टे शोधा. वारा एका दिशेने वाहत राहिला की पृष्ठभागाखालचं पाणी लांबच लांब गुंडाळ्यांसारखं फिरू लागतं. दोन गुंडाळ्यांचं पाणी जिथे समोरासमोर येऊन खाली जातं, तिथे तरंगणारं सगळं रांगेत गोळा होतं. म्हणून शेवाळाच्या रांगा बहुतेक वेळा वाऱ्याच्या दिशेला समांतर असतात. एक रांग सापडली की तिला काटकोनात जा, पुढची सापडते. हिरवट आणि निळ्या पाण्याची सीमा दिसली तर ती सोडू नका, शेवाळ तिथेही साचतं. वारा फार वाढला की रांगा विस्कटतात आणि पुंजके सुटे होतात; त्या दिवशी कष्ट दुप्पट आणि हाती निम्मं.

किनाऱ्यावरून करायचं असेल तर गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली एवढ्याच पाण्यात उभं राहा आणि अजून फुटणाऱ्या लाटांत न सापडलेले पुंजके घ्या. चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या. गॅल्व्हस्टनच्या उथळ पाण्यात पाकट वाळूत बसलेले असतात. घासत आलेल्या पायाची चाहूल लागली की ते बाजूला होतात, वरून पाय पडला की नांगी मारतात. ओढ जाणवली की बाहेर या.

टेक्सास आणि फ्लोरिडात जाळ्याने मासे धरायचे तर, परत सोडणार असलात तरी, खाऱ्या पाण्याचा मासेमारी परवाना काढून ठेवा. वयाची सूट आणि इतर नियम राज्यागणिक वेगळे आहेत, जाण्याआधी वाचा. राखीव क्षेत्रांचे नियम आणखी कडक असतात.

सामान

पांढरी बादली १५ ते २० लिटरची, दोन. रंगाची रिकामी बादली नको, कितीही धुतली तरी. पांढरा उथळ टब किंवा ट्रे एक, साधारण ४० × ३० सेंटीमीटर. घरची स्टीलची परात चालेल असं वाटतं, पण उन्हात ती इतकी चमकते की आतलं काही दिसत नाही. झाकणाचे पारदर्शक डबे चार-पाच, अर्ध्या ते एक लिटरचे. लांब दांड्याचं जाळं, छिद्र ३ ते ५ मिलिमीटर, पिशवी खोल आणि मऊ. गाठींचं नायलॉन माशाची कातडी खरवडतं, बिनगाठीचं घ्या. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप. थर्मामीटर. पाच किलोपर्यंतचा स्प्रिंगचा काटा. मोजपट्टी. ध्रुवीकृत काचांचा गॉगल, नाहीतर पाण्यावरच्या चकाकीपलीकडे काही दिसायचं नाही. पातळ हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

हातमोजे शोभेला नाहीत. सरगॅसमवर हायड्रॉइड नावाचे बारीक डंखधारी प्राणी वाढतात. मनगटाच्या आतल्या बाजूला त्यांच्यामुळे खाज उठते. त्याहून वाईट म्हणजे फिझालिया, निळसर-जांभळा फुगा असलेला पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर. तो शेवाळात अडकून येतो, फुगा वेगळा झालेला असतो आणि निळ्या दोऱ्यासारखे तंतू फांद्यांत गुंतलेले राहतात. तुटलेले, किनाऱ्यावर पडलेले तंतूही डंख मारतात. म्हणून पुंजका हातात घेण्याआधी जाळ्याच्या दांड्याने उलटवून निळं काही दिसतं का ते बघा. डंख झालाच तर चोळू नका, तंतू चिमट्याने काढा आणि सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. श्वास लागत असेल तर पाण्यात भिजवत बसू नका, डॉक्टर गाठा.

सनस्क्रीन लावलेला हात बादलीत घालायचा नाही. ऊन लागू नये म्हणून कपडे वापरा.

पुंजका उचलणे

बादली आधी भरा, त्याच पाण्याने, पाऊण. तापमान लिहून ठेवा. मग दुसरी.

सूर्य अशा बाजूला ठेवा की तुमची सावली पुंजक्यावर पडणार नाही. इंजिन न्यूट्रल. पुंजका फुटबॉलएवढा ते बादलीच्या तोंडाएवढा निवडा. मोठी चटई उचलायच्या नादात निम्मे प्राणी सांडतात. जाळं बाजूने ओढलं तर फाइलफिश आणि ट्रिगरफिशची पिल्लं तडक खाली जातात, कारण ती शेवाळात कमी आणि शेवाळाखालच्या हातभर पाण्यात जास्त असतात. म्हणून जाळं पुंजक्यापासून लांब, उभं पाण्यात घाला, पुंजक्याच्या खाली न्या, आडवं करा आणि एकाच सावकाश हालचालीत वर आणा. पृष्ठभागाशी आलं की थांबा. पूर्ण बाहेर काढायचं नाही. बादली पाण्यात तिरकी करून पुंजका पाण्यासकट आत सरकवा.

इथे बहुतेकांची चूक होते. जाळं हवेत उचललं की बेडूकमासा हवा गिळतो. ती त्याच्या पोटात अडकते, मग तो पोट वर करून तरंगत राहतो, खाली जाता येत नाही, आणि त्या अवस्थेत सोडला तर पहिल्या पक्ष्याचा घास होतो. त्याला हलवायचं ते नेहमी पाण्याखाली धरलेल्या डब्याने. चुकून हवा गेलीच तर पाण्याखालीच, डोकं वर आणि शेपटी खाली अशा स्थितीत हलक्या हाताने धरून ठेवा. कधी कधी हवा स्वतःहून सुटते. पोट दाबायचं नाही.

झटकणे आणि थांबणे

दुसऱ्या बादलीच्या पाण्यात पुंजका बुडवून दहा-बारा वेळा झटका, उलटा करा, पुन्हा तेवढ्याच वेळा. जोर कपडे खळबळण्याइतका, आपटण्याइतका नाही. मग पुंजका ट्रेमधल्या दोन बोटं पाण्यात ठेवा.

गोड्या पाण्यात बुडवलं की प्राणी पटापट सुटतात, असा सल्ला कुठेतरी मिळेल. सुटतात हे खरं, कारण ते मरत असतात. ती नमुने मारून जमा करणाऱ्यांची पद्धत आहे.

आता दोन-तीन मिनिटं हात बाजूला ठेवा. आधी बादलीतलं पाणी गढूळ आणि निर्जीव दिसतं. मग तळाशी हालचाल सुरू होते. जवळ्याएवढ्या कोळंब्या, लॅट्र्युटस आणि लिअँडर, काही पारदर्शक, काही तपकिरी, काहींच्या पाठीवर पांढरा पट्टा. नखाएवढे खेकडे: पाय टोकदार असतील तर बहुधा प्लॅनेस, म्हणजे कोलंबस खेकडा, मागचे दोन पाय वल्ह्यासारखे चपटे असतील तर पोहणारा पोर्ट्युनस. कोलंबसच्या ताफ्याला सप्टेंबर १४९२ मध्ये अशाच शेवाळात जिवंत खेकडा सापडला होता, नाव त्यावरून पडलं. तपकिरी, पानासारखे कल्ले असलेली बिनकवचाची गोगलगाय दिसली तर ती सिलिया. ती बोटाला चिकटलेली शेवाळाची फांदीच वाटते.

माशांपैकी पाच काळे पट्टे असलेलं चिमुकलं पिल्लू सार्जंट मेजरचं. चपटा, कागदासारखा, डोळ्यांवर एकच उभा काटा आणि खरखरीत अंग असेल तर फाइलफिश. पुढच्या पाठीवर काटे एकापेक्षा जास्त असतील आणि पहिला काटा उभा राहून अडकत असेल तर ट्रिगरफिश. त्याला जाळ्यातून ओढून सोडवू नका, काट्याने जाळ्यात अडकतो; जाळं पाण्यात सैल सोडा, तो काटा मिटवून स्वतः निघतो. काडीसारखा लांब, तोंड नळीसारखं, तो पाइपफिश. शेपटीखाली पिशवी फुगलेली असेल तर तो नर आहे आणि त्यात अंडी किंवा पिल्लं आहेत. त्याला बघून लगेच सोडा.

बेडूकमासा मात्र या गर्दीत नसतो. वीसदा झटकूनही तो पुंजक्यातच असतो.

बेडूकमासा शोधणे

शास्त्रीय नाव हिस्ट्रिओ हिस्ट्रिओ. लॅटिनमध्ये हिस्ट्रिओ म्हणजे नट. पूर्ण वाढ सुमारे २० सेंटीमीटरपर्यंत, पण पुंजक्यात सापडणारे बहुतेक करंगळीच्या पेरापासून मुठीपर्यंतचे. अंग पिवळं, बदामी, तपकिरी ठिगळांचं, त्यावर पानांसारख्या कातडीच्या झालरी, आणि मधेच पांढरे ठिपके, जे शेवाळावरच्या कृमींच्या चुनखडी नळ्यांची हुबेहूब नक्कल असतात.

पुंजका ट्रेमध्ये पसरवा आणि फांद्या एकेक करून बाजूला करा, मेथी निवडतो तशा. तीन खुणा धरा. पहिली, स्पर्श: शेवाळ कडक असतं, मासा मऊ आणि बुळबुळीत. चिमटीत काही मऊ आलं की सोडा आणि बघा. दुसरी, हालचाल: ट्रे हलकेच डोलवा, शेवाळ पाण्याबरोबर हलतं, मासा क्षणभर उशिरा हलतो. तिसरी, डोळा. डोळा लहान असतो आणि त्याच्याभोवती तपकिरी रेषा फाकलेल्या असतात, त्यामुळे गोल आकार मोडून जातो. पण मधली बाहुली काळीच राहते. शेवाळात कुठेही गोल काळा ठिपका नसतो, म्हणून दिसला की तिथेच थांबा.

मग खाली बघा. छातीचे पर माशाच्या परांसारखे दिसत नाहीत, कोपरात वाकलेल्या हातासारखे दिसतात आणि टोकाची बोटं फांदीभोवती वळलेली असतात. त्या बगलेमागे एक बारीक छिद्र असतं. कल्ल्यांचं पाणी तिथून बाहेर पडतं. घाबरला की तिथूनच पिचकारी मारून पुढे सरकतो. छिद्र उघडमीट होताना दिसलं की मासा जिवंत आहे याची खात्री होते. बोटं सोडवू नका. ज्या फांदीला धरलंय ती फांदीच कात्रीने कापा आणि फांदीसकट त्याला पाण्याखालून डब्यात घ्या.

डबा वेगळाच हवा. बादलीत त्याला इतरांबरोबर ठेवलं तर दहा मिनिटांनी मोजणी चुकते. तोंड उघडून मिटायला त्याला काही मिलिसेकंद लागतात. डोळ्यांना एवढंच दिसतं की समोर पिल्लू होतं आणि आता नाही, मासा तसाच बसलेला. स्वतःच्या लांबीएवढा घासही तो गिळतो, त्यात स्वतःच्या जातीचे आले. दोन बेडूकमासे सापडले तर दोन डबे. झाकण लावा पण हवा जाऊ द्या. हा मासा पाण्याबाहेर उडी मारून शेवाळावर चढतो, आणि डब्यातून चढायला शेवाळ नसलं तर बोटीच्या तळावर पडतो.

डब्यातला वेळ

एकूण १०-१५ मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. सावलीत. हवेचा पंप मंद. दर पाच मिनिटांनी एक तृतीयांश पाणी बदला. समुद्राच्या तापमानापेक्षा दोन अंशांहून जास्त फरक पडला की निरीक्षण संपलं असं समजा. एक लिटर पाणी उन्हात फार लवकर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. मासा तोंड वारंवार उघडू लागला, फांदीवरची पकड सोडून बाजूला कलला, तर उशीर झालाय.

फोटोसाठी अरुंद, चपट्या काचेचा किंवा अॅक्रिलिकचा डबा चांगला, आतली रुंदी माशाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. त्यात शेवाळाची एक फांदी ठेवा, नाहीतर तो कोपऱ्यात पालथा होऊन बसतो. प्रकाश बाजूने द्या, फ्लॅश काचेवर उजळतो. मागे निळा किंवा राखाडी कागद. पांढऱ्या बादलीत फिकट झालेला मासा गडद डब्यात थोड्या वेळाने गडद होतो, म्हणून ओळखीसाठीचा फोटो आधी काढा, रंगाची गंमत नंतर.

नोंद तिथेच करा. तारीख, वेळ, फोनवरचे अक्षांश-रेखांश, वाऱ्याची दिशा, पाण्याचं तापमान, शेवाळाची जात. पाणी ठिबकायचं थांबेपर्यंत, साधारण मिनिटभर, पुंजका जाळ्यात निथळू द्या आणि वजन घ्या. जाळ्याचं वजन वजा करा. अर्थात हे मासे वेगळे काढल्यावर. प्राण्यांची संख्या दर किलो शेवाळामागे लिहिली तर दोन पुंजक्यांची तुलना होते. ‘खूप खेकडे होते’ या नोंदीचा पुढच्या वर्षी काही उपयोग होत नाही.

कासवाचं पिल्लू दिसलं तर वरचं काहीही करू नका. तरंगतं सरगॅसम हा त्यांचा बालपणीचा आसरा. २०१४ मध्ये अमेरिकेने अटलांटिक आणि आखातातलं असं शेवाळ लॉगरहेड कासवांचा महत्त्वाचा अधिवास म्हणून घोषित केलं. समुद्रात दिसलं तर जाळं बाजूला घ्या. शेवाळाबरोबर किनाऱ्यावर आलेलं पिल्लू परत पाण्यात ढकलू नका, ते बहुधा दमलेलं असतं. स्थानिक वन्यजीव विभागाला फोन करा.

सोडणे

आधी शेवाळ, मग मासे. उलट केलं तर पिल्लं उघड्या पाण्यात पडतात आणि खालून माही-माही हा शिकारी मासा वर येतो. या पट्ट्यांखाली तो शिकारीला फिरतच असतो. पुंजका मूळ रांगेला टेकवून सोडा, मिनिटभर स्थिर होऊ द्या, मग डबा पाण्याखाली नेऊन त्याच्या अगदी लगत तिरका करा. बेडूकमासा ओतायचा नाही. त्याच्या फांदीचं टोक पुंजक्यात खोचा, तो स्वतः हात बदलत आत जातो. किनाऱ्यावरून केलं असेल तर फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे तरंगणारा पुंजका बघून तिथे सोडा. पोहोचता येत नसेल तर बोटीतल्या कोणाकडे द्या.

घरच्या टाकीत न्यायचा मोह होतो. सरगॅसम बंद टाकीत कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि माशाला एकट्याची टाकी आणि जिवंत खाऊ लागतो. मोठा घास दिला तर तो पोटातच सडून मासा मरतो, गोड्या पाण्यातले स्वस्त मासे रोज दिले तर कुपोषणाने. सुरू झालेली खाऱ्या पाण्याची टाकी आणि अनुभव नसेल तर विषय तिथेच सोडा.

कोकणात

मालवण, रत्नागिरी, गोव्यातल्या खडकाळ किनाऱ्यांवरचं सरगॅसम खडकाला चिकटून वाढतं. थंडीत ते भरात असतं, मग तुटून तुकडे तरंगतात. अटलांटिकसारख्या मैलोगणती रांगा इथे मिळणार नाहीत, पण तुटलेल्या तुकड्यांखालीही लहान मासे आसऱ्याला येतात, आणि बेडूकमाशाची हीच जात हिंदी महासागरातही आहे. पद्धत तीच, पुंजके लहान, म्हणून बादलीऐवजी टबच पुरतो. खडकावर वाढलेलं शेवाळ उपटू नका, तरंगणारंच घ्या. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ पासून आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही धरू नका. समुद्रघोडा सापडला तर त्याला डब्यातसुद्धा घ्यायचं नाही; वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. आहे तिथेच शेवाळासकट पाण्यात राहू द्या, फोटो वरून काढा.

काम झालं की जाळं गोड्या पाण्याने धुवा, पण आधी आतून उलटं करून समुद्राच्या पाण्यात दोनदा झटका. शिवणीत नेहमी दोन-चार खेकडे राहिलेले असतात.